चांगली बाजू खाली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. काम चालू असताना कोणी डोक्यावर येऊन उभं राहिलं की माझं टाळकं सरकतं. गिऱ्हाईक असो की सोयरा, मी सरळ सांगतो, "चहा घ्या अन् निघा. झालं की फोन करतो." बुलढाण्यात देऊळघाट रोडला माझं फर्निचरचं दुकान आहे, आणि माझी ख्याती अशी की मिस्त्रीचं काम एक नंबर, तोंड तीन नंबर. याची मला बरीच वर्षं घमेंड होती. आता नाही. माझ्या सख्ख्या भावाला मी असाच दारातून परत पाठवला होता, आणि त्याची शिक्षा मला नाही, त्याच्या डाव्या हाताला झाली.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पंचायत समितीत कारकून, राहायला उंद्रीला, आणि तीस वर्षांपासून एका भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. जयंतीच्या दिवसांत तर त्याला जेवायला फुरसत नसे. आज मेहकर, उद्या मलकापूर, परवा आणखी कुठं. बाबा वारले तेव्हा मी दहावीत होतो. त्यांचे करवत-रंधे माझ्या हातात आले, कारण दादा कॉलेजात होता आणि कॉलेजातून सुटला की पार्टीच्या गाडीत बसलेला असे. मग काय, घर माझ्या डोक्यावर आणि साहेब स्टेजवर. मी त्याच्या गिटारला तुणतुणं म्हणायचो, तेही त्याच्या तोंडावर. "निघाले पाहा तुणतुणं घेऊन!" तो नुसता हसायचा, आणि त्या हसण्याने मी आणखी पेटायचो.

तीस वर्षांत मी त्याचा एकही कार्यक्रम ऐकला नाही. आमच्याच वार्डात मंडप पडला, त्याचा आवाज दुकानात येत होता, तेव्हाही मी शटर अर्धं ओढून मशीन चालू ठेवली. हट्ट म्हणजे हट्ट. गल्लीतले लोक म्हणायचे, "मिस्त्री, तुमचा भाऊ काय वाजवते बाप्पा!" मी म्हणायचो, हो का, असेल.

मग एका पावसाळ्यात राजूर घाटात दादाची मोटरसायकल घसरली. जिवावरचं मनगटावर निभावलं. डाव्या मनगटात प्लेट टाकली, हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. अर्ध्यात यायचं आणि अडायचं. बाकी कशाला अडचण नव्हती, गाडी चालवायचा, पाण्याची बादली उचलायचा. गिटारलाच तेवढी अडचण आली. गिटारची दांडी डाव्या हातात असते, त्याच हाताची बोटं तारा दाबतात, आणि त्यासाठी मनगट चांगलंच मुरडावं लागतं. दादाचं तेच मुरडत नव्हतं.

वहिनीचा एक दिवस फोन आला. "भाऊजी, हे ते गिटार मांडीवर घेऊन बसतात अन् वाजवत काहीच नाहीत. नुसते तारा पुसतात. माह्याच्यानं पाहावत नाही." मी म्हटलं, येईल सवयीने. फोन ठेवला आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. तुणतुणं म्हणणं वेगळं आणि ते बंद पडणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर दादा दुकानात आला. खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे पाह्य."

कोणीतरी परदेशी माणूस गिटार वाजवत होता. गिटारच्या दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये बोट दाबलं की सूर बदलतो. एरवी त्या पट्ट्या एकमेकींना समांतर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. या गिटारच्या सगळ्या तिरप्या होत्या, आणि प्रत्येकीचा तिरपेपणा वेगळा.

"बनवणाऱ्याचा गुण्या हरवला वाटते," मी म्हणालो. गुण्या म्हणजे आमचा काटकोन बघायचा. माझं आयुष्य त्याच्याशी पटवून घेण्यात गेलं आहे.

"हरवला नाही बे, मुद्दाम केलं हाये. टेबलावर हात ठेव तुहा. आता बोटं पसर. सरळ पसरतात का एका ओळीत?"

नाही पसरत. पंख्यासारखी उघडतात. त्याचं म्हणणं असं, की या गिटारमध्ये जाड तार लांब आणि बारीक तार आखूड, प्रत्येक तारेचं माप वेगळं, म्हणून पट्ट्या तिरप्या येतात. आणि बोटं जशी नैसर्गिक पडतात तशाच त्या पट्ट्या पडलेल्या असतात, म्हणजे मनगट मुरडावं लागत नाही. आयती गिटार मिळेल, पण ती दुसऱ्याच्या हाताच्या मापाची. त्याला त्याच्या अडलेल्या मनगटाच्या मापाची हवी होती.

"तू बनवून देशीन का?" त्याने विचारलं.

तीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे साधा पाटसुद्धा मागितला नव्हता. मी म्हटलं, "नकाशा आण."

नकाशा त्याने आणला. झेरॉक्सच्या दुकानातून चार कागद काढून, ते टेपने जोडून, एका कडेला पेनाने आपल्या कारकुनी अक्षरात लिहिलेलं: वर, जाड तार. माप मात्र अर्ध्या मिलिमीटरचं. आम्ही सूत आणि इंचात काम करणारी माणसं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कपाटात अर्धं सूत इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाइकाच्या बापाला कळत नाही. इथं केसाएवढं चुकलं की बेसूर. मी चष्म्याचा नंबर बदलून आणला.

खामगावात कापसाची एक जुनी जिनिंग मिल पाडली होती तेव्हाचं तुळईचं सागवान माझ्याकडे होतं, कोणाच्या दारासाठी द्यायचं मन होत नव्हतं. त्याचं मी गिटारचं अंग केलं. दांडीवरची फळी शिसवाची घेतली. दादाच्या जुन्या गिटारच्या खुंट्या, आतले वायर, तारांचा आवाज पकडणारा पिकअप, सगळं काढून या गिटारसाठी घेतलं. जुन्या गिटारचं नुसतं खोकं उरलं. दादा म्हणाला, "काढ, काढ. ते आता माह्या कामाचं नाही."

पट्ट्यांच्या चोवीस खाचा पाडायला आधी साचा केला. प्लायच्या तुकड्यावर तो कागद चिकटवला आणि मशीनवर कापला. आता आमच्या धंद्यात प्लाय कापायची एक रीत आहे. खूण मागच्या बाजूला करायची आणि चांगली बाजू खाली ठेवायची. मशीनचे दाते खालून वर येतात, वरची बाजू फुटते, दर्शनी बाजू शाबूत राहते. मग तुकडा पलटायचा, चांगली बाजू वर, आणि कामाला लावायचा. तीस वर्षं झाली, हे मी ठरवून करत नाही, हातच करतात. त्या साच्यालाही त्यांनी तसंच केलं. पलटलेला साचा शिसवाच्या फळीवर ठेवला आणि पातळ पात्याच्या करवतीने एक-एक खाच हातानं पाडली. एका खाचेला कधी अख्खी सकाळ जायची. श्वास रोखून कापायचो. इतकं मन लावून मी लग्नातली माझ्या बायकोची पेटीसुद्धा केली नव्हती, हे तिनेच मला ऐकवलं.

याच दिवसांत एकदा दादा दुकानात आला. दारात उभा राहून म्हणाला, "जरा पाहू दे ना."

"झाल्याशिवाय नाही."

"अरे, दोन मिनिटं. खाचा पाहतो फक्त."

"दादा, तुले माहीत हाये माहा स्वभाव. घरी जाय."

तो हसला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही. दोन मिनिटं मागत होता तो, फक्त दोन मिनिटं. ती मी दिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

मार्चमध्ये गिटार झाली. तारा ज्यावर टेकतात ती घोडी मी प्रत्येक तारेची वेगळी बसवली, सहा तारांना सहा घोड्या. बाराव्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजायचं, तेवढंच पुढे मोजायचं, तिथं घोडी. मोबाईलवर सूर तपासला तर सहाही तारा चोख! मी दुकानात एकटाच ओरडलो. मग दादाला बोलावलं.

तो आला, स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली. डावा हात दांडीवर सरकवला. पहिल्या सुराशी बोटं ठेवली आणि थांबला. बराच वेळ तो दांडीकडे बघत राहिला. मला वाटलं, भारावला. मी वाट बघत होतो, आता काय म्हणतो, आता काय म्हणतो.

"वजन मस्त झालं," तो म्हणाला.

"अन् हात?"

"बसते ना. बसते. नवीन हाये, सवय लागन."

मग त्याने वाजवलं. आवाज खणखणीत होता. मी तेवढंच ऐकलं.

त्या वर्षी उंद्रीच्या जयंतीला मी गेलो. दिवस मावळायच्या आत कार्यक्रम सुरू झाला. मी खुर्ची ओढून सगळ्यांत पुढे बसलो, पार स्टेजला खेटून, आणि डावीकडच्याला, उजवीकडच्याला, मागच्याला वळून सांगत होतो, "ते गिटार म्या बनवलं. हाताचं काम हाये." दुसऱ्याच गाण्याला बारीक तार तुटली. दादाने उरलेल्या तारांवर गाणं निभावून नेलं. मी तार बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. कार्यक्रम संपल्यावर दादा खाली उतरला तो डावा हात खिशात घालून. मला वाटलं, ऐट करतोय. करू दे, म्हटलं, भावाने बनवलेली गिटार आहे.

त्यानंतर चिखलीला गेलो. मग मेहकरला. पावसाळ्याआधी चार-पाच ठिकाणी गेलो असेन. दरवेळी पुढची खुर्ची. बायको म्हणाली, "तुमाले काय झालं? तीस वर्षं कानात बोळे होते." खरंच मला काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं, पण आनंद होता. दरवेळी बारीक तार तुटायची, आणि जाड तार ढिली पडल्यासारखी खरखरायची. दादा म्हणायचा, हवेचा परिणाम.

गणपतीच्या सुमारास वहिनीने सांगितलं की दादा हाताला मिठाचा शेक घेतो, गोळ्या खातो. दिवाळीला त्याने पार्टी सोडली. फोनवर म्हणाला, "वय झालं ना बे आता." आणि मी, मूर्ख माणूस, चिडलो. "म्या इतके महिने घातले त्याच्यात, अन् तुहा नाद सहा महिन्यांत संपला?" असं मी त्याला बोललो. तो म्हणाला, "हाव, तसंच समज." मी फोन आपटला. दोन महिने बोललो नाही.

संक्रांतीच्या आसपास माझ्याकडे देवघराचं एक काम होतं. त्या घरच्या बाईंना दारावर जाळीकाम हवं होतं, मोराचं. नक्षीचा कागद त्यांनीच दिला होता. मी दार बसवलं, बाई लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या.

"मिस्त्री, मोर देवाकडे पाहाले पाह्यजे होता. हा तं भिंतीकडे पाहून राह्यला!"

मी म्हटलं, असं कसं होईल, तुमचा कागद चिकटवून कापलं आहे. आणि बोलता-बोलता थांबलो. चांगली बाजू खाली. कागद मागे. कापून पलटवलं की मोर उलटा. कपाटाची फळी पलटली तरी फळीच राहते, चौकोनाला डावं-उजवं नसतं, म्हणून इतक्या वर्षांत मला कधी ठेच लागली नव्हती. मला दुसराच एक कागद आठवला.

हत्यारं तिथंच टाकून दुकानात आलो. गिटारचा साचा माळ्यावर होता. खाली काढला. वरच्या बाजूला कोरा प्लाय. पलटला तर कागद अजून चिकटलेला, आणि त्यावर दादाचं अक्षर: वर, जाड तार. म्हणजे मी जाड तारेची लांबी बारीक तारेला दिली होती आणि बारीक तारेची जाड तारेला. म्हणून बारीक तार ताणून तुटायची. म्हणून जाड ढिली पडायची. घोड्या मी फळीच्याच मापाने बसवल्या, म्हणून सूर मात्र बरोबर लागायचा आणि चूक कोणाला ऐकू येत नव्हती. पट्ट्या तिरप्या होत्या, पण नेमक्या उलट्या बाजूला. साध्या गिटारवर मनगट जेवढं मुरडावं लागतं त्याच्या दुप्पट मुरडावं लागेल, अशी गिटार मी अडलेल्या मनगटाच्या माणसाला बनवून दिली होती. तीही त्याची जुनी गिटार फोडून.

मी खाली बसलो. लाकडाच्या भुश्यात बसून रडलो, त्यात काय लपवायचं.

फोन केला नाही. काय तोंडाने करणार? नवी दांडी करायला घेतली. यावेळी साचा नाही, काही नाही, कागद सरळ शिसवावर चिकटवला आणि दर दोन खाचांनी ते अक्षर वाचून पाहिलं. दुकानातली बाकीची कामं पडली, गिऱ्हाइकं फोन करून थकली. फेब्रुवारी सरता-सरता दांडी घेऊन उंद्रीला गेलो. जुनी दांडी काढली, घोड्यांची जुनी भोकं सागाच्या गुट्ट्यांनी बुजवली, नवी मापं धरून घोड्या बसवल्या. दादा समोर खाटेवर बसून सगळं बघत होता. यावेळी मी त्याला जा म्हटलं नाही.

दुपारी गिटार त्याच्या मांडीवर दिली. त्याने डावा हात दांडीवर ठेवला, आणि हात जसा ठेवला तसा बसला. मनगट कुठं मुरडलं नाही, अडलं नाही. बोटं आपोआप आपापल्या पट्टीपाशी पोचली.

"हाव," तो म्हणाला. "हे असं पाह्यजे होतं."

मग त्याने उजव्या हाताने तार छेडली. नुसता ठप्प आवाज आला. त्याने पुन्हा बोटं दाबली. पुन्हा ठप्प. अनामिका आणि करंगळी तारेवर नुसत्या टेकत होत्या, दाबत नव्हत्या. तिसऱ्यांदा त्याने दात आवळून दाबलं, कपाळावर घाम आला, आणि एक सूर अर्धवट वाजून विझला. वहिनी दारातून म्हणाली की डॉक्टरांनी सांगितलं आहे, मनगटातली नस फार दिवस दबत राहिली. बोटांत जोर परत येईलच असं नाही.

"तुले त्या दिवशीच समजलं होतं," मी म्हणालो. "माह्या दुकानात, पयल्या दिवशी. समजलं होतं का नाही?"

"हाव."

"मंग काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे बाहेर आले. "काऊन नाही सांगितलं, दादा? म्या चार दिवसांत दुसरी करून देली असती! तू काऊन वाजवत राह्यला?"

दादाने गिटार बाजूला ठेवली. जराही आवाज न चढवता बोलला.

"सांगनारच होतो. म्हटलं, एवढी जयंती होऊ दे, मंग सांगतो. पण तू उंद्रीले आला. खुर्ची वढून समोर बसला. तीस वर्षांत पयल्यांदा तू माह्यं आयकाले आला होता. मंग चिखलीले आला, मेहकरले आला. मले वाटलं, आपून तोंड उघडलं अन् हा शरमला, तं पुन्हा येनार नाही. तू समोर बसला का मले दुखत नव्हतं बे."

मी त्याच्या पायाशी बसलो होतो, तिथून उठलो नाही. चार-पाच कार्यक्रमांना मी पुढे बसलो, पण त्यातलं एक गाणं सांग म्हटलं तर मला सांगता यायचं नाही. मी त्याचं वाजवणं ऐकतच नव्हतो. मी सागवानाचं पॉलिश बघत होतो, उन्हात कसं दिसतं ते. घोड्या सरळ दिसतात का, लोक गिटारकडे बघतात का, एवढंच बघत होतो. दादाला वाटतं, मी त्याला ऐकायला आलो होतो. ते खरं नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.